मारायची कोणती आन् ठेवायची कोणती

जुलैत, झडी लागलेली असताना, सोयाबीनच्या धुऱ्यावर उभं राहून कोणाला तरी 'गोगलगायी वाचवल्या पाहिजेत' असं म्हणून पाहा. माणूस भला असेल तर हसून सोडून देईल, नाहीतर हातातलं घमेलं तुमच्यासमोर धरेल आणि म्हणेल घ्या, न्या घरी, वाचवा. आमचे मामाजी (म्हणजे सासरे, आमच्याकडे मामाजीच म्हणतात) दुसऱ्या प्रकारातले. "तू पगारी आहेस म्हणून तुले गोगलगायीची दया येऊन रायली," हे त्यांचं वाक्य घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

आणि त्यांचं काही चूक नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीन असं साफ केलं की लोकांना दुबार पेरणी करावी लागली, काहींनी तर तिसऱ्यांदा बी टाकलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावातही तेव्हापासून पाऊस पडला की पहिली चौकशी हीच असते, निघाल्या का. सोयाबीन नुकतं दोन पानांवर असतं तेव्हा ही रात्री निघते, कोवळा कोंब बुडापासून खाते आणि सकाळी वावरात जाऊन पाहावं तर तासच्या तास (पेरलेल्या ओळी) गायब, मातीवर फक्त चकाकणारा चिकट माग. दिवसा शोधाल तर एक दिसणार नाही, सगळ्या धुऱ्यावरच्या गवतात, दगडाखाली, पऱ्हाट्यांच्या ढिगात. मग गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी ठिकठिकाणी टाकायचं, सकाळी उचलून त्याखालच्या गोळा करायच्या आणि मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, बांधाला चुन्याची पट्टी मारायची, आणि एवढं करून भागलं नाही तर कृषी केंद्रातून मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणायच्या, ज्या कुत्र्या-कोंबड्यांच्या पोटात गेल्या की वेगळीच भानगड. एक शंखी एका वेळी शंभराच्या वर अंडी घालू शकते, आणि प्रत्येकीत नर-मादी दोन्ही असल्यामुळे अंडी न घालणारी त्यांच्यात कोणी नाहीच. उन्हाळाभर शंखाचं तोंड बंद करून जमिनीत पडून राहते, पहिल्या पावसाला वर.

तर अशा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांना एका गोगलगायीच्या मरणाची गोष्ट सांगितली.

तिचं नाव जॉर्ज. हवाई बेटांतल्या ओआहू बेटावर एका प्रयोगशाळेत १ जानेवारी २०१९ ला मेली, वय चौदाच्या आसपास. अकॅटिनेला अपेक्सफुल्वा या जातीतली ती शेवटची. ही झाडावर राहणारी गोगलगाय, शंख जेमतेम दोन सेंटिमीटरचा, वर रंगीत पट्टे. १७८७ च्या सुमाराला जॉर्ज डिक्सन नावाचा इंग्रज कप्तान ओआहूला थांबला होता, त्याला मिळालेल्या माळेत या शंखाचा मणी होता, त्यावरून १७८९ मध्ये जातीचं वर्णन छापून आलं. म्हणजे हवाईमधली शास्त्रीय नाव मिळालेली ही पहिली गोगलगाय. १९९७ मध्ये जंगलात सापडलेल्या शेवटच्या दहा उचलून हवाई विद्यापीठाच्या लॅबमध्ये आणल्या, पिल्लं झाली, मग एकेक करत सगळ्या गेल्या आणि मागं जॉर्ज राहिली. नाव ठेवलं ते गॅलापॅगोसच्या लोनसम जॉर्ज नावाच्या, आपल्या जातीतल्या शेवटच्या कासवावरून. २०१७ मध्ये तिच्या पायाचा दोन मिलिमीटरचा तुकडा काढून सॅन दिएगोला गोठवून ठेवायला पाठवला, पुढेमागे विज्ञानाला काही जमलं तर म्हणून.

वर्गात हळहळ वगैरे काही झाली नाही हो. मधल्या बाकावरच्या पोरीनं लगेच हात वर केला, "मॅडम, नर-मादी दोन्ही तिच्यातच होते तं मंग पोरं कावून नाही झाले?" इतका नेमका प्रश्न मला कोणत्या ट्रेनिंगमध्ये ऐकायला मिळाला नाही. मी सांगितलं की दोन्ही असलं तरी या जातीला जोडीदार लागतो. त्यावर मागून एकजण, ज्याच्या घरचं सोयाबीन त्याच आठवड्यात गेलं होतं, तो म्हणाला, "मॅडम, ते सोडा. आम्ही सकाऊन बादली भरून मारून आलो. मारायची कोणती आन् ठेवायची कोणती थे सांगा ना."

हाच प्रश्न हवाईमधल्या सरकारी माणसांना १९५५ साली कोणीतरी विचारायला पाहिजे होता.

कारण तिथेही गोष्ट सुरू होते ती आमच्याच शंखीपासून. हीच ती, मूळ पूर्व आफ्रिकेची, लिसाकॅटिना फुलिका. हवाईत पोचली १९३६ मध्ये. (आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी, १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या साहेबानं मॉरिशसहून जिवंत आणल्या आणि कलकत्त्याच्या चौरंगीत बागेत सोडल्या गेल्या. हा बेन्सन स्वतः शंखांचा अभ्यासक होता, म्हणजे ज्याला कळत होतं त्याच्याच हातून सुरुवात.) हवाईत तिनं भाजीपाला, बागा खायला घेतल्या, लोकांची ओरड सुरू झाली, आणि शेतीखात्यानं उपाय काढला की गोगलगाय खाणारी गोगलगाय आणायची. फ्लोरिडाकडची युग्लँडिना रोझिया, गुलाबी छटेचा निमुळता शंख, चाल आपल्या गोगलगायीच्या मानानं भलतीच जलद. ही दुसऱ्या गोगलगायीच्या चिकट मागावर बरोबर लागते, माग सोडत नाही, गाठते, आणि भक्ष्य लहान असेल तर शंखासकट अख्खं गिळते.

आता तुम्हीच सांगा, तिच्यापुढे एका बाजूला वीतभर वाढणारी, जाड शंखाची आफ्रिकन आणि दुसऱ्या बाजूला पानावर चिकटून बसलेली दोन सेंटिमीटरची. ती काय सरकारी कागद वाचून शिकार करणार होती? शंखी काही संपली नाही, ती आजही तिथे आहे. संपल्या त्या झाडावरच्या.

आणि त्या संपल्यावर भरून निघत नाहीत, हा दुसरा भाग. अकॅटिनेला, म्हणजे जॉर्जच्या कुळातली कोणतीही, अंडी घालत नाही, एका वेळी एकच पिल्लू देते, वर्षाला फार तर चार-सात, आणि ते पिल्लू वयात यायला तीन ते पाच वर्षं लागतात. अंड्यांचे ढीग घालणाऱ्या शंखीशी हिचा हिशोब लावूनच पाहा. खाते काय तर पानावर वाढणारी बुरशीची पातळ साय. पान तसंच्या तसं राहतं, उलट स्वच्छ होतं. म्हणजे पिकाला धक्का न लावणारी, झाडाला न ओरबाडणारी, अगदी खरीखुरी गरीब गोगलगाय, ती गेली मारेकऱ्याच्या तोंडी, आणि जिच्या नावानं सुपारी दिली होती ती मजेत.

एकट्या युग्लँडिनाचं नाव घेऊनही चालणार नाही म्हणा. उंदीर आहेत, १९७० च्या दशकात पाळायला आणलेले आणि मग मोकळे सुटलेले तीन शिंगांचे सरडे आहेत, जंगलतोड आहे. पण सगळ्यात जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा येतो. हवाईत हे होत असताना, १९७४ मध्ये ताहिती बेटावर आणि १९७७ मध्ये शेजारच्या मोरेआवर हीच युग्लँडिना परत सोडली, परत शंखीला मारायला म्हणून. मोरेआवर पार्टुला नावाच्या झाडगोगलगायींच्या सात जाती होत्या. दहा वर्षांत, १९८७ पर्यंत, जंगलातून सगळ्या साफ. तिथे आधीपासून गोगलगायींवर काम करणारे शास्त्रज्ञ होते म्हणून निदान काही डब्यांत भरून बाहेर काढता तरी आल्या. त्यातून लंडन झू आणि इतर प्राणिसंग्रहालयांत त्यांचे वंश टिकले, सगळ्यांचे नाही. रायातेआ बेटावरच्या पार्टुला टर्जिडा जातीतली शेवटची १९९६ च्या जानेवारीत लंडनमध्येच मेली.

तर त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी म्युझियमकडे वळले, आणि खरं सांगते, म्युझियम म्हटलं की माझ्या डोक्यात शाळेची सहल, रांग, 'हात लावू नका' ची पाटी आणि बाहेर कुल्फी एवढंच होतं. होनोलुलूचं बिशप म्युझियम १८८९ मध्ये चार्ल्स बिशप यांनी बायकोच्या, म्हणजे हवाईच्या राजघराण्यातल्या बर्निस पौआही यांच्या, आठवणीत काढलं. त्यांच्याकडे गोगलगायी-शिंपल्यांचे साठ लाखांच्या आसपास नमुने आहेत. साठ लाख! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, यांना काय दुसरा धंदा नाही का.

पण मग कळत गेलं की हे ड्रॉवर म्हणजे सातबारा आहेत. कोणत्या डोंगरावर, कोणत्या खोऱ्यात, कोणत्या साली कोण राहत होतं याची नोंद तिथेच. हवाईत जमिनीवरच्या गोगलगायींच्या साडेसातशेच्या वर जाती नोंदल्या गेल्या, त्यातल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि निम्म्याहून जास्त आज नाहीत. हे 'नाहीत' म्हणायला आधी 'होत्या' माहीत पाहिजे ना. म्युझियमची माणसं जुन्या चिठ्ठ्यांवरचे पत्ते घेऊन डोंगर चढतात आणि तिथे आता काय उरलंय ते बघतात, पानाची मागची बाजू, कुजका पालापाचोळा, सगळं. त्यात कधी नामशेष म्हणून सोडून दिलेली जात सापडते. २०२० मध्ये त्यांनी ऑरिक्युलेला गॅग्नेओरम नावाच्या छोट्या गोगलगायीचं वर्णन केलं, हवाईत जिवंत सापडलेली गोगलगायीची नवी जात साठ वर्षांत पहिल्यांदाच अशी नोंदली गेली.

या ड्रॉवरची एक काळी बाजूही आहे. १८५० च्या दशकात तिथे शंख गोळा करायचं वेडच आलं होतं, पोरं, पाद्री, व्यापारी, सगळे झाडं हलवून पिशव्या भरायचे. जॉन गुलिक हा मिशनऱ्याचा मुलगा त्यातलाच, पण त्याच्या डोक्यात वेगळा किडा वळवळला. त्यानं पाहिलं की शेजारशेजारच्या दोन खोऱ्यांत झाडं तीच, पाऊस तोच, आणि तरी गोगलगायी वेगळ्या. परिस्थिती सारखी तर जीव वेगळे का झाले, हा प्रश्न घेऊन तो पुढे डार्विनपर्यंत गेला. त्या काळात गोळा करणाऱ्यांनी जंगलं रिकामी करायला हातभार लावला हे खरं आणि त्यांच्याच चिठ्ठ्यांवर आज शोध चालतो हेही खरं. यातलं कोणतं खरं मोठं ते मला ठरवता येत नाही.

जिवंत असलेल्यांचं काय करतात ते ऐकून मामाजी मात्र खरंच थांबून ऐकत होते. ओआहूच्या डोंगरात कुंपणं घातलीत. गोगलगायीला कुंपण! भिंत उभी करायची, पाया जमिनीत पुरायचा म्हणजे खालून उंदीर नको, बाहेरच्या अंगाला वाकवलेला पत्रा, त्याखाली तांब्याच्या जाळीच्या कापलेल्या टोकांच्या रांगा, ज्यावरून युग्लँडिना चढत नाही, आणि वरून विजेच्या तारा. पहिलं असं कुंपण १९९८ मध्ये झालं. आत झाडं आणि त्यांच्यावर अकॅटिनेला. यातल्या बऱ्याच कुंपणांचा खर्च अमेरिकेच्या लष्करानं केलाय, कारण लष्कराच्या सरावाची जमीन आणि गोगलगायींचं जंगल एकाच डोंगरात, आणि अकॅटिनेलाच्या सगळ्याच्या सगळ्या ४१ जाती १९८१ पासून कायद्यानं संकटग्रस्त. मामाजी म्हणाले, "आमच्या वावराले रानडुकरासाठी झटका मशीन मिळवाले किती चकरा माराव लागते, आन् तिकडे गोगलगायीले करंट." मी म्हटलं करंट गोगलगायीलाच आहे मामाजी, पण वाईटवाल्या. "हाव, तेच तं."

ज्या जाती कुंपणातही टिकणार नाहीत त्या राज्य सरकारच्या माणसांनी बरीच वर्षं एका ट्रेलरमध्ये सांभाळल्या. आत फ्रीजएवढी कपाटं, ज्यात डोंगरावरचा गारवा आणि पाऊस मशीननं आणतात, कर्मचारी ठराविक दिवसांनी डोंगरातून ताज्या फांद्या तोडून आणतात, डबे धुतात, प्रत्येक गोगलगाय मोजून परत ठेवतात, आणि लॅबमध्ये वाढवलेली बुरशी वरून खायला देतात. काही जातींचे जगातले सगळे जीव तेवढ्या एका खोलीत. लाइट गेली तर काय, हा माझा पहिला प्रश्न होता, विदर्भात राहणाऱ्या कोणाचाही हाच असेल.

आणि मग लोकांपर्यंत जाणं. मला यात सगळ्यात जास्त रस. पोरांना म्युझियमच्या मागच्या खोल्यांत न्यायचं, ड्रॉवर उघडून दाखवायचे, भिंगातून जिवंत गोगलगाय दाखवायची. तिथल्या जुन्या गाण्यांत आणि कथांत या गोगलगायी जंगलात गातात, तर ती गाणी पुन्हा लोकांच्या तोंडी आणायची. २०२३ हे वर्ष तर त्या राज्यानं झाडगोगलगायींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. छान आहे सगळं. पण मला राहून राहून वाटतं की तिथे लोकांना समजावणं एका अर्थी सोपं आहे, त्यांची देशी गोगलगाय सुंदर आहे, रंगीत आहे, माळेत ओवण्यासारखी. आमची नाही. आमची मातीच्या रंगाची, चिमुकली, पाचोळ्याखाली. तिचं पोस्टर कोण लावणार?

म्हणून आम्ही पोस्टर केलंच नाही. सुरुवात शंखीपासून केली. आधी तुमच्या शत्रूला ओळखा, असं म्हटलं की गावात कोणीही ऐकतं. शंखी लांबट, टोकाकडे निमुळती, तपकिरी उभे पट्टे, जुनी झाली की मुठीत मावत नाही. हिला उघड्या हातानं धरायचं नाही, हे पोरांना दहादा सांगितलं, कारण हिच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या कृमीची पिल्लं असू शकतात आणि ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत त्रास जातो, हवाईतही हा आजार आहे. प्लास्टिकची पिशवी हातात घालून धरायची आणि नंतर साबणानं हात धुवायचे. ही मारायची. बिनधास्त मारायची, मला काही दया बिया येत नाही.

मग बाकीच्या. तळ्यात शंखाला झाकण असलेली मोठी गोल असते, ती पाण्यातली, वावरात येत नाही. आणि नाल्याकाठी पळसाच्या वाळक्या पानांखाली ती बारकी सापडते, तिच्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं. आम्ही एकदा पोरांना तिथे नेलं, झडी नुकती उघडलेली. एका पोरीनं पान उलटलं आणि पानाला चिकटलेला चपटा, मधाच्या रंगाचा शंख, आपल्या शर्टाच्या गुंडीपेक्षा जेमतेम मोठा. इतका पातळ की उजेडाकडे पान धरलं तर आतल्या अंगावरचे काळे ठिपके दिसत होते आणि मधेच काहीतरी हळू हळू फडफडत होतं, ते तिचं काळीज असावं. पोरं एकावर एक चढून बघत होती, त्या गर्दीत एकाचा पाय चिखलात गेला आणि चप्पल तिथेच राहिली. ही कुजलेली पानं खाते, पिकावर दिसत नाही. पान जसं होतं तसं परत ठेवलं.

गोळा फक्त रिकामे शंख करायचे, हा नियम. मिठाईचा डबा, त्यात काडेपेट्या, प्रत्येक काडेपेटीत थोडा कापूस, एक शंख आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन गोष्टी, कुठे सापडला, कधी, कोणाला. पेन्सिलीनंच लिहायचं, पेनाची शाई आमच्या शाळेच्या भिंतीच्या ओलीत दोन पावसाळे टिकत नाही. शंखात जीव वाळून वास मारत असेल तर मुंगळ्यांच्या वारुळाजवळ ठेवून द्यायचा, ते फुकटात साफ करून देतात. कुठे म्हणजे नुसतं 'नाल्याजवळ' चालत नाही, कोणाच्या वावराच्या कोणत्या धुऱ्याला, चिंचेपासून किती अंतरावर, असं सगळं. पोरांना वाटायचं शंख भारी आणि चिठ्ठी म्हणजे मॅडमचा जाच. पण चिठ्ठी नसेल तर त्या शंखाचा उपयोग दिवाळीला किल्ल्यावर ठेवायला.

अजून एक खेळ शिकवला. शंखाचं टोक वर, तोंड आपल्याकडे. तोंड उजवीकडे उघडतं की डावीकडे? बहुतेक उजवे निघतात. हवाईच्या अकॅटिनेलांत काही उजव्या, काही डाव्या. आणि डाव्याची गोष्ट निघाली की मला आमच्या विदर्भाचीच आठवण येते, कारण नागपूरच्या टाकळीला स्टीफन हिस्लॉप या पाद्र्याला लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या मातीत दगड झालेले शंख सापडले होते, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे, फायसा प्रिन्सेपी, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि ते डावे. १८६० मध्ये त्यांचं वर्णन लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीच्या अंकात छापून आलं. हिस्लॉप कॉलेज म्हणतात ते याच्याच नावाचं, पण त्या कॉलेजात शिकलेल्या माझ्या भावाला हे माहीत नव्हतं. १८६३ मध्ये टाकळघाटहून परत येताना नाल्याच्या पुरात तो वाहून गेला, आणि त्याच साली नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं म्युझियम, सुरू झाला. अजब बंगल्यात आमच्या तालुक्यातली किती पोरं जातात? वाघ बघायला जातात, तलवारी बघायला जातात. गोगलगायीसाठी कोणी गेल्याचं ऐकलं नाही.

मामाजींची गोष्ट राहिली. डबा घरी आणला होता, चिठ्ठ्या नीट लावायच्या होत्या, ते बाजूला चहा पीत बसले होते. एक काडेपेटी उघडून त्यांनी तो मधाच्या रंगाचा रिकामा शंख तळहातावर घेतला आणि म्हणाले, "हे तं पाचोळ्यातली होय. हे काही खात नाही पीक. लहानपणापासून पाहून रायलो." मी विचारलं, आणि शंखी? "शंखी नोतीच आमच्या लहानपणी. थे कुठून आली कोणाले मालूम, नर्सरीच्या रोपायसंग आली म्हणते कोणी." बसल्या जागी त्यांनी कोणत्या नाल्याला कोणती असायची, कोणत्या पावसात निघायची, कोणत्या गावच्या बाया तळ्यातली उकडून खायच्या, सगळं सांगितलं. आम्ही त्या पोरीला बोलावलं आणि तिनं ते वहीत उतरवून घेतलं, आजोबांचं नाव आणि तारीख टाकून. हे आता डब्यातच आहे. कृषी सहायक येतात, कंपनीवाले येतात, गोळ्यांचं पाकीट दाखवतात, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाला 'आधी इथे काय होतं' हे विचारायला कोणी आलं नव्हतं. म्हणजे हवाईवाले ज्यासाठी ड्रॉवर उघडतात ते आमच्याकडे चहाच्या कपाशी बसलेलं आहे, आणि त्याला बीपीची गोळी सुरू आहे.

शंखीच्या गोळ्यांबद्दलही मामाजींचा एक सौदा ठरलाय. शंखी निघाली की गोणपाट आणि वेचणी आधी, मेटाल्डिहाइड लागलंच तर वावरात, पण नाल्याकडच्या पळसाच्या पट्ट्यात टाकायचं नाही. कारण त्या गोळ्यांना शंखी आणि बारकी यातला फरक कळत नाही. शेजारचे भाऊसाहेब म्हणतात तुमच्या पट्ट्यातूनच शंखी आमच्याकडे येईल. येऊ शकते, मी नाही म्हणत नाही. म्हणून त्या पट्ट्यात वेचणी जास्त वेळा करावी लागते, आणि ती करायला माणूस लागतो, आणि माणसाची मजुरी आजकाल काय झाली ते तुम्हाला माहीत आहे. रविवारी मी आणि पोरं जातो, तेवढंच.

बाहेरच्या बातम्यांत चांगलं काही असेल तर ते पार्टुलाचं. लंडन आणि बाकीच्या प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या पार्टुला २०१५ पासून ताहिती, मोरेआ, रायातेआच्या जंगलात परत सोडतायत, हजारोंनी, प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा एक ठिपका, जो अल्ट्राव्हायोलेट टॉर्चनं रात्री चमकतो. ठिपका नसलेली मोठी गोगलगाय सापडली म्हणजे ती जंगलात जन्मली. मोरेआवर पार्टुला तोहिवेआना अशी सापडली, आणि २०२४ मध्ये तिला 'जंगलातून नामशेष' या यादीतून काढलं. पोरांना हा ठिपक्याचा प्रकार इतका आवडला की त्यांना आता शंखीवर नेलपॉलिश लावून रात्री कुठून कुठे जाते ते बघायचंय. मी हो म्हटलंय, फक्त नेलपॉलिश कोणाच्या आईचं ते आधी विचारून.

आता तुमच्याकडून एक काम. हे वाचणारे बरेचजण आमच्याच पट्ट्यातले आहात, कोणी वाशीमचे, कोणी मेळघाटाकडचे, गडचिरोलीचे तर असतीलच. नाल्याकाठी, देवराईत, जुन्या विहिरीच्या दगडांत बारकी गोगलगाय दिसली तर फोटो काढा, बाजूला रुपयाचं नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल, एक फोटो वरून आणि एक तोंडाच्या बाजूनं. गाव, जागा, तारीख लिहा. जिवंत उचलू नका. घरी कोणी म्हातारं माणूस असेल तर शंखी पहिल्यांदा कधी दिसली ते विचारून तेही लिहा, साल नसेल आठवत तर कोणाच्या लग्नाच्या वर्षी, कोणत्या पुराच्या वर्षी, असं चालेल. कमेंटमध्ये टाका, पोरं एक एक उतरवून घेतील.

आणि हो, शंखीचे फोटो पाठवू नका. त्या आमच्याकडे बम्म आहेत.